पुढे गेलेला धावपटू

थोरला भाऊ डोमाजी वारला. त्याच्या स्मरणार्थ देवमन अमरावतीहून मूर्तिजापूरपर्यंत धावत निघाला. त्यातून खेड्यातल्या पोरांच्या वसतिगृहाला वर्गणी मिळणार होती. साल होतं एकोणीसशे एकसष्ट.

बडनेऱ्याच्या पुढे पाणपोईवाल्याने त्याला पाहताच आठ्या घातल्या. "आत्ताच तं पेऊन गेला तू. जाय पुढं."

देवमनला वाटलं, जात ओळखली असेल. धर्म बदलून बौद्ध झालं तरी लोकांचे डोळे बदलले नव्हते. तो तहानलेलाच धावत राहिला. समोरच्या फुफाट्यात कोणाच्या तरी धावत्या पावलांचे ताजे ठसे होते.

पुढच्या गावात आपल्याच लोकांची वस्ती लागली. पहिल्याच घरची केशरबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. त्याने ओंजळ धरली, तर तिने सगळं पाणी मातीत ओतलं.

"काहून वो मावशी? मी मेलेल्या भावासाठी धावून राहिलो."

"आत्ता तुह्याच तोंडावळ्याचा एक धावत गेला, तोबी तेच म्हणे." केशरबाई मागे सरकली आणि तिने दाराची कडी धरली. "आपला लहाना भाऊ देवमन वारला म्हणे. तू कोण हायेस?"