सवतीचं औषध

तबेल्याच्या दारातच बायकोने नवऱ्याला रंगेहाथ पकडलं. मिशीला गूळ लागला होता.

"वाटलंच मला! घरातला गुळाचा डबा कपाटात कोंडला, तर इथे घोडीच्या वाटणीचा खाताय? मधुमेह कुणाला आहे, तिला की तुम्हाला?"

नवऱ्याच्या हातात पातेलं होतं. त्यात कोंडा, गूळ आणि कुटलेल्या गोळ्या. घोडी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

घोडी बायकोची, फार लाडाची. नवरा तिला आपली सवत म्हणायचा. तिने एकदा त्याचा चष्मा तुडवला होता. तो विसरला नव्हता, बहुतेक तीही नाही. पण सध्या बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता आणि घोडीच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, गळू. डॉक्टरीणबाईंनी डाव्या फासळ्यांजवळचे केस भादरून यंत्राच्या पडद्यावर ते दाखवलं होतं. लिंबाएवढं, काळं. "कापायचं तिचं वय राहिलं नाही. औषधाने आटेल, पण रोज पोटात गेलं पाहिजे. आतल्या आत फुटलं, तर माझ्या हातात काही नाही." आणि कालपासून घोडी औषधाचा घास तोंडात घेऊन थुंकत होती.

"खात नाहीये," नवरा म्हणाला. "चाखतोय. कडू किती लागतं ते कळायला नको?"

"थापा माराव्यात, पण किती!" तिने चांगल्या हाताचं बोट पातेल्यात बुडवून जिभेवर ठेवलं.

ती लगेच बाजूला थुंकली आणि पदराने जीभ पुसत राहिली.

"सकाळपासून... किती वेळा चाखलंत हे?"

"गुळाच्या दर खड्याला एकदा. आधी याहून वाईट होतं."

ती घरात गेली आणि अख्खा डबाच घेऊन आली. त्याने गूळ कालवला, चाखला, तोंड वाकडं केलं आणि पातेलं पुढे धरलं. "घ्या, बाईसाहेब."

घोडीने पातेलं हुंगलं आणि मान फिरवली. मग जरा थांबून तिने नवऱ्याचं तोंड हुंगलं आणि त्याची मिशी चाटून लख्ख केली.

"अहो, हलू नका," बायको कुजबुजली.

नवरा हलला नाही. त्याने चष्मा काढून बायकोच्या हातात दिला, दोन बोटं पातेल्यात बुडवली आणि औषध मिशीला फासलं.