परक्याचा दोर

हस्तलिखितावर वजन म्हणून ठेवलेल्या पितळी सिंहाचं तोंड आज दाराकडे होतं आणि त्याच्या पंजाखाली एक केस ठेवलेला होता. ताईने तो पाहिला आणि पुढे केलेला हात मागे घेतला. अकरा वर्षं ती धाकट्या भावाची हस्तलिखितं टाइप करत होती. सिंहाखालचा गठ्ठा रोज उचलायचा, रोज तसाच ठेवायचा. गेले तीन आठवडे गठ्ठा वाढला नव्हता, तरी ती येऊन बघून जायची. पण कोणी हात लावला का हे कळायला केस ठेवावा, अशी पाळी कधी आली नव्हती.

“केस आहे तिथेच असू दे,” मागून भाऊ म्हणाला. “आणि बस.”

हा भाऊ म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. जादूगार, राक्षस आणि उडते किल्ले यांच्या सात जाडजूड खंडांचा लेखक. त्याच्या नायकाला जगात कोणाचीही गरज पडत नसे, आणि हे तो दर चाळीस पानांनी तलवार थांबवून सगळ्यांना ऐकवत असे. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर छापलेलं असे, ‘या ग्रंथासाठी मी कोणाच्याही मदतीचा हात धरलेला नाही.’ सातही वेळा हे वाक्य ताईनेच टाइप केलं होतं. एकदा तर त्यातली चूकही तिनेच काढली होती.

भावाने एक कागद तिच्यापुढे सरकवला.

“प्रकाशकांनी पाठवलाय. माझ्या वाचकांचा एक गट आहे म्हणे फोनवर. मला ‘स्वयंभू’ म्हणतात, नकला करतात. वाच.”

ताईने वाचलं. नायक दलदलीत गळ्यापर्यंत रुतलाय. काठावरून एक नावाडी दोर टाकतो. नायक दोराकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणतो, ‘परक्याच्या दोराने वर आलेला माणूस वर आलेलाच नसतो.’ आणि भाषण सुरू करतो. नावाडी बिचारा दोर धरून उभा. कागद तिथेच संपला होता.

“हे वाक्य माझं आहे,” भाऊ म्हणाला. “दलदलही माझी, नावाडीही माझा. आठव्या खंडाचं आतापर्यंतचं शेवटचं पान. प्रकाशकांनी अजून पाहिलेलं नाही. ते या जगात दोनच माणसांनी पाहिलंय, ताई, आणि त्यातला एक मी आहे.”

तो तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

“उद्यापासून टायपिंग बाहेर देतोय,” तो म्हणाला. “इथली किल्ली टेबलावर ठेवून जा.”

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप. याचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर जगात दुसऱ्या कोणाला लागत नव्हतं. आणि आज तीच चोर ठरली. आपण चोर नाही याचा पुरावा तिच्या पर्समध्येच होता. पण तो बाहेर काढला की त्याबरोबर दुसरंही काही बाहेर येणार होतं, आणि ते ती दोन वर्षं लपवत आली होती. पर्सच्या चेनवर तिचा हात थांबला. मग तिने दुसऱ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, फोन काढला आणि त्यातली तीच नक्कल उघडून त्याच्या हातात दिली.

“तारीख बघ,” ती म्हणाली. “प्रकाशकांच्या कागदाचा वरचा भाग कापला गेलाय.”

अठरा मार्च.

“आता तुझं पान काढ.”

भावाने सिंह उचलला. केस कुठे उडाला, ते दोघांपैकी कोणी पाहिलं नाही. पुढच्या अभ्यासकांची सोय म्हणून तो प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ घालत असे. दलदलीच्या पानावर त्याच्याच वेड्यावाकड्या आकड्यांत होतं : नऊ ऑगस्ट, सकाळी दहा वीस.

“जवळजवळ पाच महिने आधी,” ताई म्हणाली. “कोणी काही चोरलेलं नाही. त्यांनी तुला ओळखलंय, एवढंच.”

त्याने दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मग त्याची नजर फोनवर खाली सरकली आणि बारीक झाली.

“हे तुझ्याकडे कसं? तू त्यांच्यात आहेस?”

“दोन वर्षं झाली.”

“आणि हे खाली हसणारे चेहरे?”

“त्यातला एक माझा आहे.” तिला लाज वाटली, पण शब्द गिळावेसे वाटले नाहीत.

“म्हणजे माझं पान टाइप करताना तुला सगळं ठाऊक होतं. आणि तू बोलली नाहीस.”

“तुला कोणाची गरज नसते ना.”

भाऊ खुर्चीत बसला. ताईने किल्ली टेबलावर ठेवली, पर्स खांद्याला लावली आणि फोनसाठी हात पुढे केला. तो फोन सोडेना. अर्धवट पानाकडे त्याने एकदा पाहिलं. नायक अजून तिथेच होता, गळ्यापर्यंत. मग तो उठला, बाहेर कोणी नाही ना हे डोकावून बघून आला आणि दार लावून घेतलं.

“ताई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “त्यांच्यात तो वर कसा येतो?”