सहाच माणसं

“वाच की मोठ्यानं! शाळा सोडली म्हणून वाचायचं बी इसरलास व्हय?” दादांनी मोबाईल पोराच्या तोंडापुढं धरला. गाडी कासुर्डीतनं कोकणात निघायची होती, आन् समुद्रावरच्या भाड्याच्या घराचे नियम मालकानं पाठवले होते. पृथ्वीराजनं दात खात वाचलं, “घरात सहाच माणसं. सातव्याला गेटातनं माघारी.”

“झालं? मग तुझ्या धुरपदा आत्याला काय टपावर बांधू?”

“पर सहाजणं मोजताना तीच कशी गळली? रोज गोठ्यात माझ्याकडनं नियम वाचून घेती ती. वाळूचे पाय भाईरच्या नळावर धुवायचे, ओल्या अंगानं गादीवर बसायचं न्हाई. तिला समदं पाठ हाय. तुमच्यातल्या एकाला तरी हाय का?”

“आन् धार कोण काढंल? म्हस तिच्याबिगर कुणाला कासंला हात लावू देती का?”

“जाऊ दे रं,” गोठ्याच्या दारातनं आत्या म्हणाली.

पृथ्वीराजचं टाळकं सरकलं. त्यानं आपली बॅग गाडीतनं काढून अंगणात आपटली, दोरीवरचं आत्याचं जुनं लुगडं ओढलं, अंगाला गुंडाळलं आन् डोक्यावरनं पदर घेतला. गाडीत बसलेली समदी खो खो हसली.

“हसा! परवा आत्या दोन दिस तापानं पडली, तवा हेच नेसून मी धार काढली. म्हशीला कळलं न्हाई, आन् तुम्हालाबी. आत्या, माझ्या जागंवर बस. मी जातो आता, म्हस वरडाय लागली.”