तिसऱ्या खुर्चीचा जबाब

दुपारचं ऊन लख्ख होतं आणि विमान उतरायला लागलं होतं. रीत अशी की कॅप्टनने तपासणीची यादी वाचायची आणि शेजारच्या सहवैमानिक पोरीने डोळ्यांनी बघूनच जबाब द्यायचा.

"पट्टे?" कॅप्टनने विचारलं.

"बांधले."

"चाकं?"

"खाली."

कॅप्टन समोर बघतच हसला. "घसा बसलाय वाटतं तुझा. काल माहेरी फार भांडलीस का?"

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. "सर, मी अजून तोंडच उघडलेलं नाही. मला वाटलं, चेष्टेने तुम्हीच दोन्ही आवाज काढताय."

कॅप्टनची नजर चाकांच्या दिव्यांवर गेली. तिन्ही विझलेले होते; चाकं उतरलीच नव्हती. पाठीमागे दीडशे माणसं बसली होती आणि धावपट्टी अंगावर येत होती. त्याने विमान तसंच वर उचललं, दांडा खेचून स्वतः चाकं सोडली आणि तिन्ही दिवे हिरवे झाल्यावरच श्वास घेतला.

त्याने वळून पाहिलं. कॉकपिटमधली, त्या दोघांच्या मागची तिसरी खुर्ची रिकामीच होती.

"यादी पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "आणि आता जबाब फक्त तूच द्यायचा. कळलं?"

पोरीने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले होते.

"हो, सर," जबाब आला.