दुसरी सीट

चोपड्याच्या कौतिकला समुद्रातल्या स्पीडबोटींच्या शर्यतीचं वेड लागलं होतं, पण पंप दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला स्वतःची बोट कुठून परवडणार? मुंबईचे एक शेठ आपली बोट ट्रकवर घालून हतनूर धरणावर चाचणीला आलेत आणि इंजिनाचा वेग सांभाळायला जोडीदार शोधताहेत असं कळलं, तसा तो मित्राला, झिपरूला, घेऊन तडक तिथं पोहोचला.

"पोहता येतं?" शेठनी आधी झिपरूला विचारलं.

"पुरातली तापी पार करतो!" झिपरूनं छाती फुगवली.

शेठनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. "आणि तुला?"

कौतिकचा चेहरा उतरला, पण खोटं बोलवेना. "नाही शेठ. मले पव्हता नही येत."

शेठनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सीट तुझी. रविवारी मुंबईला ये."

कौतिकचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. निघताना त्यानं न राहवून विचारलंच, "शेठ, झिपरूले काहून नाही घेतलं?"



"पोहता येणारे ऐन वेळी बोट सोडून उडी मारतात," शेठ वैतागून म्हणाले. "मागचे दोघंही असेच वाचले."