जगावंसं वाटलं तेव्हा

"फाशी दिली तरी चालेल," योगराज भिंतीकडे बघत म्हणाला. "सुटेन एकदाचा."

समोर बसलेली चैताली समुपदेशक होती. उधन्यात तिचं छोटं क्लिनिक होतं. स्नेहाने नवऱ्याला हाताला धरून तिथे आणलं होतं.

पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये योगराज सुपरवायझर होता. पाळी संपायच्या आत कोणी सटकू नये म्हणून त्याने मागच्या दाराला कुलूप घातलं आणि त्याच दुपारी आग लागली. प्रफुल्ल नावाचा कारागीर त्या बंद दाराशीच होरपळून मेला.

जामिनावर सुटल्यापासून योगराज डिंडोलीच्या घरात नुसता पडून असायचा. "उठा ना, दोन घास खाई ल्या," स्नेहा विनवायची. तो कूसही बदलत नसे. दर तारखेला प्रफुल्लची आई मीराबाई कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून त्याला तळतळून शाप द्यायची. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. त्याला ते बरोबरच वाटायचं.

चैतालीने घाई केली नाही. सुरुवातीला ती फक्त ऐकत राहिली. मग लहानसहान कामं दिली. सकाळी चालून या. मुलीची वेणी घाला. तो आला नाही की स्वतः फोन करायची. एकदा तो हमसून रडला, तेव्हा बाहेरच्या पेशंटला परत पाठवून ती त्याच्यापाशी बसली.

"आधीच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगितलं की करावंसं वाटतं."

"विश्वास आहे ना माझ्यावर? मग झालं."

तो जेवू लागला. मुलीला शाळेत सोडू लागला. उत्तरायणला गच्चीवर पतंग उडवताना तो मोठ्याने हसला, आणि स्नेहा दुसऱ्याच दिवशी चैतालीसाठी साडी घेऊन गेली. चैतालीने ती घेतली नाही.

उन्हाळ्यात निकाल लागला. सात वर्षं.

चैताली तुरुंगात भेटायला आली. जाळी धरून योगराज ढसाढसा रडला.

"मॅडम, तेव्हा आत टाकलं असतं तर काही वाटलं नसतं. आता सकाळी डोळे उघडले की पोरगी आठवते. घर आठवतं. जीव नुसता तुटतो. मला पुन्हा पहिल्यासारखं करा. काही वाटायलाच नको."

चैताली जाळीजवळ सरकली.

"हे वाटावं म्हणूनच तर बरं केलं तुम्हाला," ती शांतपणे म्हणाली. "प्रफुल्ल माझा सख्खा भाऊ."