डाव्या पंखाची पिसं

बाणाला लावायची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण भरकटतो. म्हणून बाण बनवणाऱ्या दोघा भावांचं फाटलं तेव्हा हातोडीपासून पाटापर्यंत सगळ्यावरून भांडण झालं, पण पिसांवरून झालं नाही. डावी थोरल्याची, उजवी धाकट्याची.

बाजारातून गोणी यायची ती धाकट्याकडे. तो पिसं निवडायचा आणि डाव्यांची पिशवी थोरल्याच्या दाराच्या कडीला अडकवून निघून जायचा.

“एकदा भावजींना आत तरी बोलवा,” थोरल्याची बायको म्हणायची.

“पिसं मिळतायत ना? मग झालं.” एक डोळा मिटून थोरला बाणाच्या काडीचा बाक बघत राहायचा.

गेल्या आठवड्यात धाकटा गेला. थोरला चार लोकांसारखा स्मशानात जाऊन आला, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

आज दाराशी अख्खी गोणीच येऊन पडली.

“जाऊबाईंनी पाठवलीय,” बायको म्हणाली. “म्हणाल्या, आता तुम्हीच निवडा.”

“हं,” म्हणून तो गोणी उसवायला बसला.

 

संध्याकाळी त्याने डावी पिसं फळीवर ठेवली, आणि उजव्यांची पिशवी नेऊन धाकट्याच्या दाराच्या कडीला अडकवली.